खड्ड्यातला पखवाजी

कुठलीही गोष्ट अर्धवट कळली की मला चैन पडत नाही. बहरीनला, मनामा शहरातल्या एका हॉटेलात मी एसी मेकॅनिक होतो, आणि सत्त्याण्णव साली त्याच हॉटेलच्या हॉलमध्ये एका जर्मन ऑपेराच्या वादकांत जाऊन बसलो, तोही या खोडीमुळेच.

मंडळी सगळी हौशी. हिद्दच्या गोदीतले इंजिनियर, बँकांतले गोरे, शाळांमधल्या संगीतशिक्षिका. दर शुक्रवारी दुपारी तालीम. एसीच्या झोताने व्हायोलिनं उतरतात अशी तक्रार आली म्हणून मी शिडी घेऊन गेलो, आणि झोत वळवून झाल्यावरही तिथेच रेंगाळलो. कोपऱ्यात दोन टिंपनी होत्या, म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या टोपाएवढे तांब्याचे नगारे. वाजवणारा माणूस व्हिसा संपून मायदेशी गेला होता. त्यांच्यावर कोणीतरी टकटक करून बघत होतं, ते मला ऐकवेना. व्हायोलिन वाजवणाऱ्या अरुणाबाई सांगलीच्या आहेत हे मी तोवर काढून घेतलंच होतं. त्यांना सांगितलं, धाकटा नगारा उतरलाय. त्यांनी ते क्राउससाहेबांना सांगितलं. हा गोदीतला जर्मन इंजिनियर सगळा ऑपेरा चालवत होता. साहेबांनी नगारा तपासला आणि काठ्या माझ्या हातात दिल्या.

माझे वडील कुडाळकडे दशावतारात पखवाज वाजवायचे, आणि बहरीनला येईपर्यंत मीही. नोटेशनच्या नावाने शून्य. कॅसेट ऐकून सगळा ऑपेरा मी बोलांत लिहून काढला. इथे धा, इथे तिरकिट, इथे एकशे बारा मात्रा गप्प.

एक गोष्ट मात्र छळत होती. वादक बसायचे स्टेजपुढच्या खोलगट जागेत, काळ्या पडद्याआड. मी त्याला खड्डाच म्हणायचो. तिथून वरचं काही म्हणजे काही दिसत नाही. दशावतारात पखवाजी रंगमंचावर बसतो, नटाच्या पायांवर डोळे ठेवून वाजवतो. न बघता वाजवायचं म्हणजे डोळे बांधून जेवण्यासारखं. अरुणाबाईंना मी विचारून विचारून भंडावलं. लढाईत मेला असं समजलेला नवरा परत येतो, बायको त्याला ओळखते, एवढंच त्या सांगायच्या आणि मोजण्याकडे लक्ष द्या म्हणायच्या.

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी गायकांसकट पहिली तालीम झाली. तिसऱ्या अंकात बाईचं गाणं एकाएकी थांबलं. कॅसेटमध्येही तिथे पोकळी होती, पण मी समजलो टेप खराब आहे. वादकांच्या तालमीत साहेब ती जागा गाळून पुढे जायचे. आता त्यांचा हात हवेत, आणि वर कोणी बोलेना. बाई शब्द विसरली! आमच्याकडे नट अडला की पखवाजी त्याला उघडा पडू देत नाही, हलकेच वाजवत राहतो, तोवर त्याला वाक्य सापडतं. मी काठ्या उचलल्या आणि नगारा घुमवला.

साहेबांनी ताल दाखवायची छडी खाली ठेवली. सगळा खड्डा माझ्याकडे वळला. खलास, आता आपली शिडीवर रवानगी, असं मी धरून चाललो. का वाजवलं, असं त्यांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं, अरुणाबाईंनी इंग्रजीत. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर काढून पहिल्या रांगेत बसवलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला.

दारात एक बाई. समोर फाटक्या कोटातला माणूस. ती बोलत नाही, रडत नाही, नुसती बघते. तोही तिला बघू देतो. मग तिचा हात उठतो. टिंपनी तिथे वाजवायची.

मला घरचं खळं, म्हणजे दारापुढचं अंगण, आठवलं. तीन वर्षांनी रजेवर गेलो तेव्हा माझी बायको सत्यवती अशीच उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पोट सुटलेला, टक्कल पडलेला मी. मला ते सोसलं नाही. लगेच बडबड सुरू केली, विमान उशिरा आलं, ऊन फार आहे; तिथेच खळ्यात बॅगा उघडल्या, साबण काढले, अत्तर काढलं. पुढचा दीड महिना मी बोलतच होतो. पहिल्या रांगेत बसून मला स्वतःची लाज वाटली.

साहेबांनी विचारलं, उद्या जमेल का?

"इंशाल्ला," मी म्हणालो. खात्री नव्हती.

प्रयोगात ती जागा आली आणि हात शिवशिवले. मी काठ्या मांडीवर ठेवल्या, दोन्ही तळवे कातड्यावर दाबून धरले. वरचं दिसत नव्हतं, पण आता ठाऊक होतं. साहेबांनी डाव्या हाताने इशारा केला, मी काठ्या उचलल्या, छडी खाली आली आणि मी वाजवलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी गावी शेजाऱ्यांकडे फोन लावून सत्यवतीला बोलावून घेतलं. एरवी मी उन्हापासून सुरुवात करतो. या वेळी फक्त कशी आहेस विचारलं. बरी आहे म्हणाली. मग मी गप्प राहिलो.

"लाईन गेली काय?"

"नाय. मी आसंय."

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, शेजाऱ्यांच्या कोंबड्याही. तोंडाशी दहा विषय आले. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"त्या वेळी तुमका नीट बघूकच गावला नाय," ती म्हणाली. "आता येशात तेव्हा खळ्यात जरा उभे रवा. बॅगो मागसून उघडा."