प्रेमाच्या नंबरवरून गेलेलं निमंत्रण

माझी बायको प्रेमा लिंगैक्य झाली, देवाघरी गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा नंबर मी चालू ठेवला होता. पाहुण्यांच्या फोनमध्ये तिचं नाव आणि फोटो राहावा, एवढंच मला पाहिजे होतं.

त्याच नंबरवरून परंडा, ईट, तुळजापूर, सगळीकडच्या पाहुण्यांना एक फाइल गेली. नाव ‘निमंत्रण’. मी पाठवली नव्हती. आमच्यात एखाद्या लग्नाला गेलं नाही तर चालतं, पण पुण्यस्मरणाचं बोलावणं कोणी टाळत नाही. लोकांना वाटलं प्रेमाच्या वर्षाचंच आहे. धोका आहे असं फोन सांगत होता, तरी त्यांनी उघडली. मग त्यांचेही फोन तीच फाइल पुढं पाठवायला लागले. दोघा-तिघांच्या खात्यातून पैसे गेले.

शेजारची धुरपदाबाई दारात येऊन म्हणाली, "जिती होती तवा चहा पाजल्याबिगर सोडत नव्हती. आता मेल्यावर लुटायली व्हय?"



धाराशिवच्या सायबर पोलिसांनी बोलावलं. तिथं शिवरंजनी मॅडम होत्या.

"काका, असे हजारो फोन एका मालकाच्या ताब्यात होते. तो हुकूम सोडायचा, फोन फाइल पाठवायचे. त्याचा सर्व्हर बंद पाडलाय. हुकूम विचारायला फोन जिथं जायचे, तो पत्ता आता आमच्याकडं आहे. त्यातनंच तुमचा नंबर कळला."

"मग मिटलं की."

"नाही. फोनमधली फाइल अजून हुकमाची वाट बघतीय. मालकानं नवी जागा केली तर परत चालू होईल. फोन पूर्ण रिकामा करून पुसावाच लागतो. एकेकाचा."

फोनमधले प्रेमाचे फोटो बाजूला काढून देऊन त्यांनी फोन पुसला. त्याआधी फाइल कुठून आली ते दाखवलं. मल्लेशकडून. मल्लेश म्हणजे प्रेमाचा धाकटा भाऊ. भावाचं निमंत्रण म्हणून मी ते तिच्या फोनवर उघडलं होतं. आणि ‘अक्काचा नंबर ब्लॉक करा’ असं सगळ्या पाहुण्यांना पहिल्यांदा त्यानंच कळवलं होतं.

घरी येऊन मी त्याला फोन लावला.

"मल्लेश, अक्काचा फोन साफ झालाय. तिचा नंबर परत घाल. तू घातलास तर बाकीचे घालतील."

"दाजी, मेलेल्या माणसाचा नंबर ठेवून काय करायचं? आमची ही भेती. अक्काचं नाव दिसलं की फोन खाली टाकती."

"ते तुझ्याकडनं आलंय. पोलिसांनी दाखवलं. तुझा फोन नेऊन पुसून घे."

"माझा फोन लई भारीचा हाय. त्याला काय होत न्हाय."

"अजून पाहुण्यांना जाईल, मल्लेश."

"जाईना का. माझ्या नावानं जाईल. म्या जिता हाय दाजी, माझ्यावर कोण संशय घेतंय?"

त्यानं फोन ठेवला. नंतर मी एकेका पाहुण्याला विचारलं. प्रेमाचा नंबर सगळ्यांनी काढून टाकला होता. मल्लेशचा कोणीच काढला नव्हता.