दोर धरलेला हात

बक्षीस मिळवलेल्या घोड्याबैलांची चित्रं काढायचं काम आमच्या घरात आजोबांपासून चालत आलं. बैलाची मान थोडी भरायची, घोड्याचे पाय थोडे बारीक करायचे, म्हणजे मालकाची छाती फुगते, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. माणसं मात्र बाबा काढत नसत. जनावर कसंही काढलं तरी तक्रार करत नाही, म्हणायचे. जनावर धरणाऱ्याचा फक्त हात चित्रात यायचा, मनगटापर्यंत.

तो हात आईचा. खुर्चीच्या पायाला दोर बांधून बाबा तिला तासन्‌तास उभं करायचे. उजवा कामाला मोकळा राहावा म्हणून ती डाव्याने धरायची. "तुमच्या घोड्यांपायी माझा हात आखडला," असं कुरकुरायची आणि अंगठा बाहेर वाकवून दोर आणखी आवळायची. जशी काही खुर्चीच पळून जाणार होती.

आई गेली, मग बाबा. तिचा एक धड फोटो नाही, आणि ते सगळे हात केव्हाच मालकांबरोबर गावोगाव गेले. याचा मला बाबांवर अजून राग येतो.

मध्यंतरी एक तबेलेवाले बाबांचं जुनं चित्र घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा पांढरा घोडा आणि कडेला तो वाकडा अंगठा. ते म्हणाले, एवढा हात पुसून द्या, घोडा एकटा शोभेल.

पुसणं तर सोडाच, मला तो परतही द्यायचा नव्हता. मी म्हणाले, हे माझ्याकडे राहू दे, बदल्यात तोच घोडा नवाकोरा काढून देते, एकटा. त्यांना ते पटलं.

महिन्याने आले. नव्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आहे हो, पण उभा वाटत नाही. आता निघून जाईल असं वाटतं."

"मग?"

"हात घाला परत."

आईचा हात बघून उतरवणं जिवावर आलं. बाबांच्या खुर्चीला दोर बांधला, डाव्याने धरला आणि उजव्याने काढत राहिले. खांदा भरून आला. तुमच्या घोड्यांपायी, असं मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालेसुद्धा.

तबेलेवाल्यांनी चित्र उजेडात धरलं आणि हसले.

"जुनाच हात काढलात की."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणाले नाही.