देवळीच्या बाया

तापाच्या साथीनंतर हिंगणघाटात माणसं मोजकीच उरली, बाया तर त्याहूनही कमी. उरलेल्या बायांना गावातल्या रूपरावाने कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आणून ठेवलं होतं. मयुरी त्यांतलीच एक. आई गेली तेव्हा तीही तापाने फणफणली होती. रूपरावानेच तिला पाठीवर घालून इथे आणलं, पेज पाजून जगवलं.

"बाहेरचं पाणी बायांच्या जिवावर उठलं," तो सांगायचा. गडी बाहेरून धान्य आणत, बाया भिंतीआड दळत, रांधत. लग्नंही तोच ठरवी. मयुरीचं धीरजशी ठरवलं होतं. धीरज वाईट नव्हता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. ज्याने जीव वाचवला त्याला नाही कसं म्हणावं, हे तिला उमगत नव्हतं.

एका दुपारी गडी बाहेर गेलेले असताना फाटकाशी एक धट्टीकट्टी बाई आली. डोक्यावर सुकलेल्या मासोळ्यांची टोपली.

"मिरच्या आहेत का, पोरी? बदल्यात मासोळ्या घे."

मयुरी दचकून मागे सरली. "तुमी बाहेर हिंडता? अन् पाणी?"

"वणा नदीचंच पाणी पेतो आमी. काऊन?" बाई हसली. "मी सुंदरा, देवळीची. मोप बाया आहेत तिकडं, वावरात कामं करून राह्यल्या. उद्या सकाळी आमची बैलबंडी नदीवरून निघते. येजो, यावंसं वाटलं तर."

संध्याकाळी रूपराव परतला, तशी मयुरी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, देवळीत बाया आहेत म्हणते. खरं आहे का?"

रूपराव खाटेवर टेकला. पायांतल्या वहाणा काढायचंही त्याला सुचलं नाही.

"आहेत. पाहून आलो मी."

"मंग पाणी?"

"पह्यले खराब होतं, खरंच होतं. मंग सुधारलं. पण सांगतलं असतं तर थांबल्या असत्या का तुमी? हे गाव उरलं असतं?"

तिला चिडायचं होतं, पण राग येईना. तापात गालाला लागलेली त्याची घामट पाठ तेवढी आठवत राहिली.

सकाळी तिने गाठोडं बांधलं. रूपराव फाटकात उभाच होता.

"धीरजले काय सांगू?"

"मलेच काही समजून नाई राह्यलं, काका."

तो बाजूला झाला. अडवलं असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर तिला वाटून गेलं.

नदीवर सुंदराने लोटाभर पाणी दिलं. मयुरीने डोळे मिटून ते घशाखाली उतरवलं. मग लोटा परत देऊन ती बंडीत चढली.

देवळीत एका म्हातारीने विचारलं, "काय येते तुले?"

"रांधता येते."

"ते तर साऱ्यांलेच येते. चाल, तूर सोंगाले."

तिने विळा घेतला. ओळीतल्या बाया मोठमोठ्याने बोलत होत्या, मध्येच गाणी म्हणत होत्या. मयुरी तूर कापता कापता रडू लागली. शेजारणीने कारण विचारलं, तसे तिने पदराने डोळे पुसले आणि पुढची तूर मुठीत धरली.