हंबीररावांचं पाकीट

महापालिकेचा वॉर्ड अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव पडला, त्याच दिवशी पक्षाचे पुढारी हंबीररावांनी भाऊसोच्या खांद्यावर हात टाकला. "उमेदवारी तुझ्या शालनचीच. लाग कामाला." वीस वर्षं पक्षाची पोस्टरं चिकटवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? भाऊसोचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याच्या बायकोने, शालनने, अंगणवाडीतल्या मदतनिसाच्या कामाचा राजीनामा दिला. ते काम असताना उभं राहता येत नाही, हेही हंबीररावांनीच सांगितलं होतं.

आज शेवटचा दिवस. अर्ज तीनपर्यंतच घेणार होते आणि पक्षाचं चिन्ह मिळवून देणारा एबी फॉर्म अजून आला नव्हता. शालन दाखल्यांची फाईल मांडीवर घेऊन निवडणूक कार्यालयाच्या बाकावर बसून होती. नवी साडी टोचत होती.

तीनला वीस मिनिटं कमी असताना भाऊसो घामाघूम होऊन आला. हातात चिकटवलेलं पाकीट.

"गावलं!"

"उघडून बघा की."

"येडी का काय? रावांनी दिलेलं पाकीट आजवर मी फोडलं न्हाय. अधिकारीच फोडतील."

खरंच होतं ते. दर निवडणुकीला दुसऱ्यांची पाकिटं त्यानेच पोचवली होती आणि आत कुणाचं नाव आहे ते त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं होतं. वर त्याला त्याचा अभिमान, आता बोला!

अधिकाऱ्यांनी पाकीट फोडलं, कागद वाचला.

"अक्षता कोण?"

मागच्या बाकावरून हंबीररावांच्या ड्रायव्हरची बायको उठली. तिचीही फाईल तयार होती. खाली मान घालून ती पुढे आली.

शालनला वाटलं, आता रडू येणार. आलं नाही. राग तरी यावा, तर तोही येईना. नुसतं बधिर वाटत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

भाऊसो अधिकाऱ्यांना म्हणाला, "पोच द्या, सायेब."

पोच मिळाल्यावर त्याने नीट घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली. "रावांस्नी देऊन येतो," तो पुटपुटला.

"बाई, तुमचा अर्ज?" कारकुनाने विचारलं. "पक्षाचा फॉर्म नाही, म्हणजे अपक्ष म्हणून घ्यावा लागेल. का परत नेताय?"

शालनने फाईलकडे पाहिलं. परत नेऊन करायचं काय? अंगणवाडीत तिच्या जागी दुसरी बाई कधीच रुजू झाली होती.

"घ्या," ती म्हणाली.

भाऊसो दारातच थबकला. मागे आला, आवाज खाली आणून म्हणाला, "शालन, अगं, उद्यापास्नं मला अक्षताच्या प्रचाराला जायला लागंल की."

"व्हय," शालन म्हणाली. "डबा किती वाजता देऊ?"