रिकाम्या गाडीची लेव्हल

दादाने माझ्या पिकअपचं नाक वर केलं ते मी घरी नसताना. मावशीकडून परत आले तर त्याच्या गॅरेजसमोर चार टाळकी जमलेली, आणि हा पठ्ठ्या गाडीच्या कडेला गवंड्याची पाणसळ लावून उभा.

"बघ, आता कशी ताठ दिसते," तो म्हणाला. "आधी मान खाली घातल्यासारखी उभी राहायची. लाज वाटायची मला."

लहानपणापासून मला मान खाली घालून चाल म्हणणारा हा माणूस! गाडीने घातली तर मात्र ह्याला लाज.

मी काचा वाहते. कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे, मागच्या हौद्यात लाकडी घोडीला उभ्या बांधून. बाबांचा गुडघा गेल्यापासून गाडी माझ्या हातात आहे, आणि दादाला ते कधीच पचलेलं नाही. त्याने पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर जाड चकत्या बसवल्या होत्या. कुठलीही रिकामी पिकअप पुढून थोडी खाली असते, ती काही बनवणाऱ्याला डुलकी लागली म्हणून नाही. मागे वजन पडलं की स्प्रिंगचे पाटे दबतात, शेपूट बसते आणि गाडी सरळ होते. ह्या शहाण्याने ती रिकामी असतानाच सरळ करून ठेवली.

"आणि माल भरल्यावर?" मी विचारलं.

"भरल्यावर रुबाबात जाईल." टाळकी हसली.

भरल्यावर व्हायचं तेच झालं. नाक आभाळाला, स्टिअरिंग हलकं, आणि गतिरोधकावरून उतरताना चाकाला खाली जायला जागाच उरलेली नाही. पुढून खाडकन दणका बसायचा, तो थेट माझ्या दातांत. मी अगदी जिवावर आल्यासारखी सावकाश चालवली, तरी दुसऱ्याच खेपेला एक काच कोपऱ्यात तडकली.

"गाडी उत्तम आहे, हिचा हातच जड," जेवताना दादाने जाहीर केलं. मी चकत्यांचं सांगितलं. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गुडघा चोळत म्हणाले, "काही दिवस त्याला चालवू दे. जमलं त्याला, तर पुढेही तोच चालवेल. तू बरोबर जा, माल उतरवायला."

ताटावरून उठून जावं इतका राग आला. उठले नाही, चांगली पोटभर जेवले. जिचा आवाज मी झोपेतही ओळखते, त्या गाडीत मी हमाल म्हणून बसायचं! "जाते की," मी म्हणाले. "पण रस्ता तोच, आणि वेगही माझा रोजचा."

सकाळी एका सलूनसाठी भिंतभर आरसे भरले. दादा खिडकीबाहेर कोपर काढून निघाला. पहिल्या गतिरोधकाला दणका बसला तसं कोपर आत आलं.

"रस्ताच भिकार आहे," तो म्हणाला.

"रस्ता कालचाच आहे."

तिसऱ्या दणक्याला मागून बारीकसा आवाज आला. काच वाहणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. दादाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सलूनची मालकीण केस रंगवायचे हातमोजे न काढताच बाहेर आली. मधल्या आरशाला वरपासून खालपर्यंत तडा. "कुणी चालवली गाडी?"

"हिने," दादा पटकन म्हणाला.

त्याला खात्री होती. भावाची अब्रू, चारचौघांत तमाशा नको, ही गिळेल. आजवर गिळतच आले होते. पण हे गिळलं असतं तर घरी गेल्यावर गाडी माझ्या हातून कायमची गेली असती.

"किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघा," मी म्हणाले, आणि हळू म्हणाले नाही. आतल्या खुर्च्यांवरची ओली डोकीसुद्धा वळली. "गाडी ह्याने चालवली, गाडी ह्यानेच बिघडवली. उद्या नवा आरसा मी घेऊन येते."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. "घरी चल, मग बघतो तुला."

"इथेच बघ. किल्ली दे."

त्याने दिली नाही, मी त्याच्या बोटातून काढून घेतली. बाकीचे आरसे उतरवले. परत जाताना तो माझ्या शेजारी बसला नाही, चालत निघाला.

घरी येऊन बाबांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि अंगणात गाडीला जॅक लावला. दुपार घामात गेली. एक नट काही केल्या हलेना, तेव्हा बाबा लंगडत बाहेर आले, पान्याला लांब पाईप लावून दिला आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. चकत्या निघाल्या. मी त्या दादाच्या गॅरेजच्या दारात नेऊन ठेवल्या.

तो आला तेव्हा मी गाडी जॅकवरून उतरवत होते. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"झाली परत वाकडी," तो म्हणाला.

"रिकामी आहे म्हणून," मी म्हणाले. "उद्या भरल्यावर बघ. नाहीतर नको बघूस, चालवणार मीच आहे."