श्रुतीच्या पत्रावरचा शिक्का

मित्रांनो, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी शाळेचा जुना गोल शिक्का आहे. खाली रबर, वर लाकडी दांडा. दौलतगंजातल्या कारागिराने माझी अक्षरे उलटी कोरली, तेव्हा मला वाटले, हा माणूस चुकला. कागदावर उमटलो तेव्हा सगळे सुलट झाले. मोठा रुबाब वाटला.

मी उषाताईंच्या ताब्यात होतो. शाळेचे कार्यालय त्याच सांभाळत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी मला जांभळ्या शाईत दाबून गुणपत्रिकांवर आणि दाखल्यांवर उमटवले. वर्तणुकीच्या दाखल्यावर चार ओळी छापलेल्याच असत, फक्त नाव भरायचे. निमूट बसणारा सद्वर्तनी आणि बाक मोडणाराही सद्वर्तनी. माझ्यावाचून त्या कागदाला किंमत नाही, असे लोक म्हणत आणि मी फुगत असे. खाली काय लिहिले आहे, हे मी कधी पाहिलेच नाही. उषाताई मात्र प्रत्येक कागद वाचत.

एका डिसेंबरात बारावीतली श्रुती आली. ती जन्मली अमेरिकेत, पण दोन वर्षांची असल्यापासून इथे ग्वाल्हेरात फूलबागेजवळ राहणारी. कागदोपत्री ती अमेरिकेचीच नागरिक. शंभरातल्या चार-पाच जणांनाच घेणाऱ्या तिथल्या कॉलेजांत तिने अर्ज केले होते. तिची तुलना तिथल्या मुलांशी होणार होती, आणि तिथल्या शाळा एकेका मुलावर दोन-दोन पाने लिहितात. आमच्याकडे त्या चार ओळी. म्हणून तिच्या वडिलांनी दिल्लीच्या एका सल्लागाराकडून तयार पत्र आणवले होते. त्यावर प्राचार्यांची सही आणि माझा ठसा, एवढेच हवे होते. पत्र पाठवायला दुसरा दिवस शेवटचा.

उषाताई वाचू लागल्या. "दोनशे गरीब मुलांना गणित शिकवलंस? कुठे गं?"

श्रुतीची मान खाली. "ताई, वो सब ऐसेही लिखते हैं. बाबांनी करून घेतलंय."

"आणि शाळेत विज्ञान मंडळ काढलंस? प्रयोगशाळेची किल्ली तर माझ्याकडे असते. खिडकीतून शिरलात का?"

प्राचार्य मानसिंगराव हसले. "ताई, ठप्पा मारून टाका ना. आपल्या खिशातून काय जातंय?"

"साहेब, हिच्या नावाने दुसरीच मुलगी चाललीय. तिला मी ओळखत नाही."

"पोरीचं नुकसान झालं तर?"

"तिच्या वडिलांना मी उत्तर देईन." आणि त्यांनी मला मुठीत घट्ट धरले. मित्रांनो, न उमटणे हेही माझेच काम आहे, हे मला तेव्हा कळले.

"बस इथे," त्या श्रुतीला म्हणाल्या, आणि शब्दकोश उघडून स्वतः इंग्रजीत लिहायला लागल्या. आमच्या वर्गात सत्तर मुले बसतात आणि अशी पत्रे लिहायला इथे वेगळा माणूस नाही, हे त्यांनी आधी लिहिले. मग शिखाची गोष्ट लिहिली. शिखाला दिसत नाही. गेल्या वर्षी तिच्या बारावीच्या परीक्षेत ती सांगेल ते लिहायला श्रुती बसली होती आणि देखरेखीला उषाताई होत्या. इतिहासाच्या पेपरात शिखाने एक सन चुकीचा सांगितला. श्रुतीचे पेन थांबले. तिला बरोबर उत्तर येत होते. तरी तिने शिखाने सांगितलेलेच लिहिले. बाहेर आल्यावर तिने ते कबूल केले, तेव्हा शिखा भडकली, "अगं, सुधारून टाकायचं ना! किसको पता चलता?"

"पेपर तुझा होता गं," श्रुती म्हणाली होती.

हे सगळे पत्रात गेले. श्रुतीने ते वाचले आणि दिल्लीचे पत्र आपल्या हाताने फाडले. "इसे पढेगा कौन?" म्हणत मानसिंगरावांनी सही केली. मग मी उमटलो.

मार्चमध्ये उत्तरे येऊ लागली. ओळीने चार नकार. मानसिंगराव मुद्दाम कार्यालयात आले. "देखा, ताई?"

"पाहिलं. नकार तरी श्रुतीलाच आला ना? त्या कागदातल्या मुलीला होकार आला असता, तर विमानात बसलं असतं कोण?"

पाचव्या कॉलेजाने श्रुतीला घेतले. ते माझ्या ठशामुळे, असे मी म्हणणार नाही. चौघांनी तोच ठसा पाहून नकार दिला होता.

पुढे आपोआप शाई भरणारा नवा शिक्का आला. मी रद्द झालो, म्हणून माझ्या रबरावर ब्लेडने चीर मारली गेली. निवृत्त होताना उषाताईंनी मला मागून घेतले. या वर्षी त्याही गेल्या. दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. त्यांची मुलगी कधीतरी तिथे आपला अंगठा ठेवून पाहते. खळगा तिला जरा मोठा पडतो.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. रबर झिजायचेच. पण उद्या तुमच्याही हाती एखादी सही, एखादा शिक्का येईल. समोर साहेब उभा असेल, घाई असेल, सगळे असेच करतात म्हणून कोणी हसेल. तुम्ही आधी वाचा. खोटे असेल तर उमटू नका. तारीख उलटली तरी चालेल.