राजा आधी मेला

दादाने तोंड उघडलं आणि तिथेच घोळ झाला. गप्प बसला असता तर झाकली मूठ तरी राहिली असती.

त्याच्या धाकट्या भावाने मित्रांना जमवून पॉवर मेटलचा, म्हणजे कर्कश गिटार आणि आरोळ्यांच्या रॉक संगीताचा, एक अख्खा अल्बम केला होता. सुटी सुटी गाणी नव्हेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. ड्रॅगनने गिळलेला सूर्य परत आणायला एक राजा निघतो, रानोमाळ भटकतो, लढतो आणि शेवटच्या गाण्यात सूर्य सोडवताना जळून मरतो. धाकटा दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेला जीव या राजात ओतायचा. घरात कौतुक शून्य. "कुणाच्या शेपटीवर पाय पडलाय रे?" असं वडील विचारायचे. दादा तेवढा त्याची बाजू घ्यायचा. म्हणूनच धाकट्याने अल्बम आधी त्याला पाठवला आणि आज बँडच्या सरावाच्या खोलीत सगळ्यांसमोर बसवून म्हणाला, "बोल दादा. हातचं राखू नकोस."

दादा कवळ्या बनवायचा. अल्बम त्याने कामाच्या टेबलावर, कवळीचे दात घासून गुळगुळीत करायच्या यंत्राच्या घरघरीत लावला होता. अर्धा ऐकला, अर्धा यंत्राने खाल्ला. पण चारचौघांत भावाची मान ताठ राहायला हवी ना! त्याने सुरू केलं, "काय डोकं लढवलंय रे! पहिल्याच गाण्यात राजाला मारलंत! आधी मरण, मग प्रवास. अंगावर काटा आला बघ."

ड्रम वाजवणारा पैलवान डोकं खाजवत म्हणाला, "पण राजा शेवटी मरतो ना, दादा?"

दादाच्या आत्ता लक्षात आलं. त्याच्या मोबाइलने गाणी उलटसुलट वाजवली होती. जुनी गाणी तो वर्षानुवर्षं तशीच ऐकत आलेला, इथे क्रमाला काही अर्थ असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात धाकटाच उसळला. "थांबा! दादाचं खरंय. मरण आधी आलं तर पुढचं सगळं वेगळंच ऐकू येईल. आपण क्रम बदलू या."

"वेड लागलं का?" गाणारी मुलगी ओरडली. "प्रत्येक गाण्याचं शेपूट पुढच्यात गुंफलंय. सगळं उसवावं लागेल!"

"उसवू. दादा उगाच बोलायचा नाही."

आता बोला! दादाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती, पण या पोराची सगळी मेहनत मातीत जात होती.

"बदलू नकोस," तो शेवटी म्हणाला. "मी नीट ऐकलंच नाही रे. मोबाइलने भलत्याच क्रमाने वाजवलं. मी आपला काम करत होतो."

पैलवानाने मान खाली घातली. गाणारी मुलगी उगाचच वायर गुंडाळू लागली. धाकटा रागावला असता तर दादाला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मग तिसरं गाणं? ते तरी ऐकलंस?"

दादाला तिसरं कुठलं तेच माहीत नव्हतं. लाजेने त्याला मान वर करवेना.

धाकट्याने अल्बम पहिल्यापासून लावला. दादा मांडीवर हात ठेवून, शाळेत उभं केल्यासारखा ऐकत राहिला. तिसऱ्या गाण्यात राजा लहान होता. पुराच्या पाण्यातून त्याचा थोरला भाऊ त्याला खांद्यावर घेऊन चालला होता, आणि छोटा राजा गात होता, मला भीती नाही, माझा भाऊ सगळं नीट ऐकतो.

दादाने डबडबलेल्या डोळ्यांनी वर पाहिलं. धाकटा केव्हाच बाहेर निघून गेला होता.